नऊ इंचांचा हिरो

खटपट्याने घार बांधायला घेतली तेव्हा त्याला वेल्डिंग येत नव्हतं, फायबरचं काम येत नव्हतं, रंगकाम येत नव्हतं आणि गाडी चालवायचं लायसन्सही नव्हतं. होतं काय, तर डोक्यात भूत आणि ताईचं गॅरेज.

घार म्हणजे त्या सिनेमातली गाडी. ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांनीसुद्धा ती कुठल्यातरी दप्तरावर नाहीतर टी-शर्टवर पाहिलेली असते. निळीशार, पुढे चोच, मागे दुभंगलेली शेपटी, आणि दारं पंखांसारखी वर उघडणारी. हिरोने शीळ घातली की ती भिंत फोडून हजर व्हायची. सिनेमा तीस वर्षांपूर्वीचा. खटपट्याचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण पुढे त्याने तो ताईच्या मांडीवर बसून इतक्यांदा पाहिला की घार कुठल्या मिनिटाला येते हे तो झोपेतही सांगायचा. खरी गाडी मात्र सिनेमा संपल्यावर भंगारात गेली होती. तिचा एक नटसुद्धा कुठे शिल्लक नव्हता.

त्याला सगळे खटपट्याच म्हणायचे. वॉशिंग मशीन दुरुस्तीच्या दुकानात नोकरी. शिक्षण बेताचं, बाकी सगळं स्वतःचं स्वतः शिकलेला. म्हणजे आधी बिघडवायचं आणि मग का बिघडलं ते बघायचं. ताई त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई दिवसभर कामावर, त्यामुळे याला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं ताईनेच केलेलं. तीन वर्षांपूर्वी तो तिच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, गॅरेज दे, सहा महिन्यांत रिकामं करतो. ताईने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी उठले, गॅरेजमधली आपली गाडी बाहेर काढून रस्त्याकडेला लावली आणि किल्ली खुंटीला अडकवली. सहा महिन्यांची तीन वर्षं झाली. ती गाडी बाहेर ऊन खात राहिली, तिच्या टपाचा रंग उडाला, पण दोघांपैकी कोणी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. म्हणजे भाऊजी बोलायचे, पण ते चेष्टेत.

भाऊजी पाण्याच्या टाक्यांच्या कारखान्यात. फायबर म्हणजे त्यांच्या हातचा मळ. पहिले दोन महिने ते नुसते चहाचा कप घेऊन गॅरेजच्या दारात उभे राहून मजा बघायचे. तिसऱ्या महिन्यात त्यांना राहवेना. कप खाली ठेवून बाह्या सरसावल्या आणि म्हणाले, "मेव्हणेबुवा, हे जे तुम्ही करताय ना, त्याला आमच्या कारखान्यात गळती म्हणतात." तेव्हापासून त्यांचा प्रत्येक रविवार घारीचा झाला.

आता मापांचं सांगतो, कारण सगळं पुढचं रामायण त्यातून झालं.

घारीचा नकाशा खटपट्याकडे नव्हता. असा नकाशा कोणाकडे मागायचा असतो हेच त्याला माहीत नव्हतं. त्याच्याकडे होता सिनेमा. त्यात एक जागा आहे, तीन सेकंदांची. हिरो गाडीला खेटून सरळ उभा आहे आणि गाडी चोचीपासून शेपटीपर्यंत अख्खी दिसते. तिथे त्याने सिनेमा थांबवला, टीव्हीवर पातळ कागद चिकटवला आणि पेन्सिलीने सगळं उतरवून घेतलं. पडद्यावर हिरो भरला बरोबर नऊ इंच. गाडी भरली बावीस. आता हिरोची खरी उंची कळली की झालं, बाकी सगळा नुसता गुणाकार.

उंची ताईने दिली.

ताई अकरा वर्षांची असताना त्या हिरोवर जीव ओवाळून टाकायची. तिने त्याला चार पानी पत्र लिहिलं होतं. पाच महिन्यांनी उत्तर आलं, पत्र नाही, छापील कार्ड. पुढे हिरोचा फोटो आणि सही. मागे चार ओळी: उंची सहा फूट. आवडता रंग निळा. आवडतं खाणं, आईच्या हातचं. आवडता प्राणी, घार. घार प्राण्यात धरतात का, हा प्रश्न ताईला तेव्हाही पडला होता, पण हिरोला कोण विचारणार. ते कार्ड तिने लग्नानंतरही कपाटातल्या साड्यांखाली जपून ठेवलं होतं. खटपट्याने माप विचारलं तेव्हा तिने ते बाहेर काढलं, पदराने पुसलं आणि त्याच्या हातात दिलं. देताना म्हणाली, हरवलंस तर तंगडी मोडीन.

सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. पडद्यावरचा एक इंच म्हणजे खरे आठ इंच. घारीची लांबी झाली चौदा फूट आठ इंच. कार्ड गॅरेजच्या भिंतीवर लागलं आणि काम सुरू झालं.

खाली सांगाडा आणि इंजिन बेकरीच्या एका मोडीत निघालेल्या व्हॅनचं. इंजिन तापलं की पहिलं वर्षभर गॅरेजमध्ये पावाचा वास यायचा. त्यावर भाऊजींनी साच्यातून काढलेलं फायबरचं अंग. गाद्या ताईने शिवल्या, आधी जुन्या पडद्याच्या कापडावर, मग खऱ्या रेक्झिनवर, तीनदा उसवून. चाकांनी मात्र घाम फोडला. साध्या मोटारीची चाकं लावून पाहिली तर कोटाला शर्टाची बटणं लावल्यासारखी दिसायला लागली. शेवटी छोट्या ट्रकची चाकं बसवली तेव्हा कुठे चित्र जुळलं. भाऊजी लांब जाऊन, मान तिरकी करून बघत राहिले. म्हणाले, अरे, ही घार आहे की शहामृग? मला जरा मोठी वाटते. खटपट्याने भिंतीवरच्या कार्डाकडे बोट दाखवलं. लिहिलेलं आहे, सही आहे, आणखी काय पाहिजे. भाऊजींनी खांदे उडवले. बायकोच्या कपाटातल्या हिरोशी वाद घालण्यात त्यांना रस नव्हता.

रंगावर आठ महिने गेले. निळे नऊ प्रकारचे लावून पाहिले, एकही घारीचा नव्हता. मग एकदा शेवटची मारामारी हळूहळू सरकवत बघताना त्याला दिसलं की घारीची चोच भिंतीला घासते तिथे निळ्याखालून रुपेरी ओरखडा उमटतो. त्याने सकाळी दुकानात जायच्या आधी एका पत्र्याच्या तुकड्यावर रुपेरी मारून वर पातळ निळा दिला. तो तुकडा उन्हात धरला आणि तसाच स्वयंपाकघरात पळत गेला. ताई तो बघत राहिली आणि तव्यावरची पोळी जळून गेली.

तर घार झाली. चालायला लागली. आणि नेमकं तेव्हाच गॅरेज रिकामं करायची वेळ आली.

भाऊजींचे वडील धाकट्या मुलाकडे चौथ्या मजल्यावर राहायचे. लिफ्ट नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना खाली उतरता येईना. सहा महिने त्या माणसाने झाड जवळून पाहिलेलं नव्हतं. त्यांना इथे आणायचं ठरलं, आणि ताईकडे पायऱ्या नसलेली जागा एकच होती. गॅरेज. तिथे खोली करायची, खिडकी पाडायची, बाथरूम काढायचं. गवंडी सोमवारी यायचा होता. हे सांगताना ताईला इतकं जड गेलं की शेवटी खटपट्यानेच वाक्य पूर्ण केलं. म्हणाला, अगं, त्यात काय, बाबांची खोली आधी. गाडीचं मी बघतो.

बघतो म्हणाला खरं, पण बघणार काय? तो राहायचा दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत. फायबरची गाडी उघड्यावर ठेवली तर एका उन्हाळ्यात तिचे पापड होतात. ओळखीपाळखीत सगळीकडे विचारून झालं, सगळ्यांनी कौतुक केलं आणि काखा वर केल्या. एकच वाट उरली. शनिवार-रविवार गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. त्यात सिनेमातल्या गाड्यांच्या प्रतिकृतींचा वेगळा विभाग, आणि 'हुबेहूब' गटात पहिली येईल ती गाडी सिनेमाच्या संग्रहालयात कायमची ठेवणार होते. छप्पर, दिवे, रोज पुसायला माणूस. नाही जमलं तर भंगारवाल्याला त्याने सोमवारी सकाळी आठची वेळ देऊन ठेवली होती. हे त्याने ताईला सांगितलं नाही. भाऊजींना सांगितलं. भाऊजींनी त्या दिवशी एकही विनोद केला नाही.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये प्रत्येक गाडीने स्वतःच्या चाकांवर आत यायचं असा नियम होता. घार आत शिरली तेव्हा लोक बाजूला झाले, टाळ्या पडल्या, दोघातिघांनी शिट्ट्या घातल्या. खटपट्याची छाती फुगून शर्टाची बटणं ताणली. तो आपल्या जागेवर पोचला आणि बघतो तर शेजारी आधीच एक घार उभी.

ती होती एका दातांच्या डॉक्टरची. तशीच चोच, तशीच शेपटी. रंग जरा फिका, पण काम असं सफाईदार की सांधा शोधून सापडू नये. फक्त ती लहान होती. म्हणजे आईशेजारी शाळेतली मुलगी उभी राहावी तशी. डॉक्टर उंचापुरा माणूस. तो आतून बाहेर आला तो टप्प्याटप्प्याने, आधी पाय, मग कंबर, मग मान. खटपट्याला त्याची दयाच आली. मनात म्हणाला, बिचाऱ्याचं माप चुकलं.

परीक्षक बाई अकराच्या सुमाराला आल्या. पन्नाशीच्या, सपाट चपला, गळ्यात चष्मा, एका हातात फाईल आणि दुसऱ्या हातात मेजरटेप. सोबत एक म्हातारे गृहस्थ होते, पांढरा सदरा, काठी, बोटांच्या नखांत कधीच न निघणारा रंग. त्या सिनेमाच्या गाडीवर काम केलेल्यांपैकी हे एकटेच हयात, म्हणून त्यांना पाहुणे म्हणून बोलावलेलं. मूळ घार यांनी रंगवली होती. सगळे त्यांना पेंटरकाका म्हणत होते. त्यांना नीट ऐकू येत नसावं, कारण कोणी काही विचारलं की ते आधी हसायचे.

बाईंनी टेप लावला. चोचीपासून शेपटीपर्यंत. फाईल उघडली, पुन्हा टेप लावला. मग चाकं, मग दारं. मग शांतपणे म्हणाल्या, "मूळ गाडी तेरा फूट होती. तुमची पावणेपंधरा आहे."

खटपट्या म्हणाला, शक्य नाही. बाईंनी फाईल त्याच्यापुढे धरली. फिल्म कंपनीच्या दप्तरातला मापांचा कागद, सही-शिक्क्यासकट. लांबी तेरा फूट. त्याने गाडीचा प्रत्येक आकडा त्या कागदाशी मनात ताडून पाहिला. सगळं चुकलेलं होतं आणि सगळं सारखंच चुकलेलं होतं. त्याच्या प्रत्येक नऊ इंचांना कागदावर आठ होते. गणित त्याचं पक्कं होतं. त्यामुळे काय झालं हे त्याला उभ्या उभ्या कळलं. गाडीची मापं बरोबर होती. हिरोची चुकली होती.

बाईंनी पेन उघडलं. मूळ माप तुम्ही कुठून घेतलंत, असं विचारलं. तो रकाना भरावा लागतो म्हणाल्या.

ताई दोन हात अंतरावर उभी होती. प्रदर्शनासाठी खास इस्त्री केलेली साडी, हातात सगळ्यांच्या डब्याची पिशवी. खटपट्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. म्हणाला, "अंदाजाने घेतलं. माझीच चूक आहे, मॅडम. टीव्हीवर बघून ठोकून दिलं."

बाई लिहायला लागल्या.

"अंदाजाने नाही घेतलं," ताई म्हणाली. "मी दिलं होतं. कार्डावर लिहिलेलं होतं, सहा फूट."

तिने पिशवी खाली ठेवली आणि पर्समधून ते कार्ड काढलं. गॅरेजच्या भिंतीवरून ते तिने सकाळीच उतरवून बरोबर घेतलं होतं, कोणी विचारलं तर पुरावा असावा म्हणून. बाईंच्या हातात देत म्हणाली, हा खोटं बोलतोय, मला वाईट वाटू नये म्हणून. त्याने एकही माप अंदाजाने घेतलेलं नाही. रात्रंदिवस मोजत असायचा. जे चुकलं ते माझ्या हिरोने चुकवलं.

बाईंनी कार्ड पेंटरकाकांना दाखवलं. काकांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, पुन्हा जवळ नेलं. आणि मग ते हसायला लागले. ऐकू न आल्याचं हसणं नव्हतं ते. पोटातून येत होतं. काठी थरथरायला लागली तसा भाऊजींनी त्यांना खांद्याला धरून खुर्चीवर टेकवलं.

"सहा फूट," काका म्हणाले. "अहो, पाच फूट चार. तेही बुटासकट."

मग त्यांनी सांगितलं. हिरो छोटा असल्यामुळे त्या सिनेमात सगळंच छोटं करावं लागलं. दारं छोटी, टेबलं छोटी. खलनायक शोधायला चार महिने लागले, कारण धिप्पाड दिसणारा बुटका माणूस मिळेना. हे सांगताना ते मध्येच थांबले आणि खटपट्याच्या घारीकडे टक लावून बघायला लागले. इतका वेळ ते तिच्याकडे पाहुणा बघतो तसे बघत होते. आता उठले. काठी खुर्चीला टेकवून ठेवली आणि दोन्ही तळहात चोचीवर ठेवले.

"खाली रुपेरी दिलंयस?"

"हो काका."

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मारामारीत ओरखडा दिसतो तिथून."

काकांनी मान डोलावली. मग गाडीच्या कडेने हात फिरवत चालत दारापाशी आले आणि विचारलं, "दाराला स्प्रिंग किती? एक की दोन?"

"दोन."

"एक पुरेना ना?"

"पुरेना," खटपट्या म्हणाला. "दार वर राहायचंच नाही. दोनदा भाऊजींच्या डोक्यात बसलं."

"आमच्या वेल्डरच्या बसलं होतं," काका म्हणाले. आणि उघड्या दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

पुढचं ते हळू बोलले, त्यामुळे सगळ्यांना जवळ यावं लागलं. घारी दोन होत्या. घार बांधणाऱ्या आमच्या कारखान्याला आधी फिल्म कंपनीचं पत्र आलं होतं, हिरोची उंची सहा फूट धरा. त्यांनी धरली. अकरा माणसांनी पाच महिने खपून गाडी केली, बरोबर एवढी, ट्रकच्या चाकांवर, दाराला दोन-दोन स्प्रिंगा. काकांनी ती रंगवली. मग हिरो बसून बघायला आला. बसला आणि दिसेनासा झाला. स्टिअरिंगच्या वर नुसते केस. कोणी हसलं नाही, हसायची सोयच नव्हती. कंपनीने आठवड्यात गाडी कापायला लावली, तोंड बंद ठेवायला सांगितलं, आणि त्याच चित्रावरून नऊतला एक भाग सगळीकडून कमी करून दुसरी बांधली. सिनेमात दिसते ती दुसरी. कागद आहे तोही दुसरीचा. पहिलीचा ना फोटो, ना कागद. त्या अकरा जणांतले दहा गेले.

"मी ती दोन दिवस पाहिली," काका म्हणाले. "रंग वाळेपर्यंत. आता पुन्हा बघतोय."

दातांचा डॉक्टर आपल्या गाडीशी उभा होता, त्याने नकळत डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

खटपट्याला वाटलं, आता बाई नियम बाजूला ठेवतील. पण बाई खऱ्या परीक्षक होत्या. त्यांनी काकांचं सगळं लिहून घेतलं, दोनदा वाचून दाखवलं, त्यांची सही घेतली आणि मग म्हणाल्या की हे मी संग्रहालयाच्या दप्तरात ठेवीन, पण गट हुबेहूबचा आहे आणि माझ्याकडे कागद एकाच गाडीचा आहे. मी तुमची गाडी त्यात धरू शकत नाही. असं म्हणताना त्यांनी चष्मा काढला होता. डॉक्टरची घार पहिली आली. न्यायाने आली. खटपट्याने जाऊन त्याचा हात हातात घेतला, आणि डॉक्टर म्हणाला की मला एकदा तुमच्यात बसू द्या, माझ्यात मला श्वास घेता येत नाही.

तिथून ते सुरू झालं. डॉक्टर बसला, पाय लांब करून, चेहऱ्यावर असं सुख की बघणाऱ्यालाही बसावंसं वाटावं. त्याच्यामागे एक बाई बसल्या. मग एक पोलीस. बाकीच्या गाड्यांभोवती दोर होते, हात लावू नका असे बोर्ड होते. घार स्पर्धेतून बाद झालेली, तिला कसला दोर? दोन दिवस रांग हटली नाही. भाऊजी दार वर धरून उभे, कारण दोन स्प्रिंगांचंही एवढ्या उघडझापीला काही चालेना. येणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचे, डोकं सांभाळा, अनुभवाने सांगतोय. ताई आत बसलेल्यांना कार्ड दाखवून गोष्ट सांगायची. पहिल्यांदा सांगताना तिने नुसतं कार्ड पुढे धरलं होतं. पाचव्यांदा सांगताना ती हिरोचे केस स्टिअरिंगवरून कसे दिसले असतील ते स्वतः खाली सरकून करून दाखवायला लागली.

मधेच तिने काकांना विचारलं, की मग आवडता रंग तरी निळाच होता ना? काका म्हणाले, रंगातलं त्याला काही कळायचं नाही, पण माणूस वाईट नव्हता. पहिली गाडी कापली त्या दिवशी तो कारखान्यात एकटा आला होता, गॉगल न लावता. अकरा जणांसमोर उभा राहून म्हणाला, माझ्या उंचीने तुमचं काम वाया गेलं, माफ करा. आणि तेही स्टुलावर न चढता. ताईने कार्ड पुन्हा पदराने पुसलं आणि पर्समध्ये ठेवलं.

रविवारी दुपारी चारला हॉल रिकामा व्हायला लागला. खटपट्या गाडीच्या पायरीवर बसला. त्याला रडू येत नव्हतं. त्याला उलट असं वाटत होतं की कोणाकोणाला काय काय सांगायचं राहून गेलंय. तीन वर्षं रस्त्यावर उभी राहिलेली ती गाडी. उसवलेल्या गाद्या. भाऊजींचे दीडशे रविवार. एवढं सगळं उद्या आठ वाजता करवतीखाली जाणार, आणि तरी या दोन दिवसांत काहीतरी पुरून उरल्यासारखं झालं होतं. त्याने भाऊजींना जवळ बोलावलं आणि म्हणाला, तुमच्यामुळे झालं. भाऊजी म्हणाले, हे भंगारवाल्याचं तू तुझ्या बहिणीला कधी सांगणार आहेस?

ते बोलणं ताईने ऐकलं. ती मागेच उभी होती. आणि तिच्या मागे काका.

ताईचा चेहरा असा झाला की खटपट्याने मान खाली घातली. ती म्हणाली, गवंड्याला मी पुढच्या महिन्यात बोलावते. तो म्हणाला, नाही, बाबांनी सहा महिने झाड पाहिलेलं नाही. ती म्हणाली, आणखी एक महिना. तो म्हणाला, नाही ताई. हे असं कितीतरी वेळ चाललं असतं.

"कापायची कशाला?" काका म्हणाले. या वेळी त्यांना बरोबर ऐकू आलं होतं. "एकदा कापली तेवढी पुरे झाली की."

काकांची रंगाची शेड होती. श्वासाच्या त्रासामुळे दोन वर्षं बंद. मोठ्या गाड्या रंगवायला बांधलेली, धूळ शिरू नये अशी, छप्पर पक्कं. मुलगी म्हणत होती विकून टाका. त्यांचा हात होत नव्हता. म्हणाले, तिथे ठेव. भाडं वगैरे काढलंस तर काठी घालीन पाठीत. एकच करायचं, दर रविवारी येऊन ती बाहेर काढायची आणि येईल त्याला बसू द्यायचं. बंद खोलीत ठेवून पूजा करायची गाडी नाही ही.

खटपट्या वाकला, काकांच्या पायांना हात लावायला, तर काकांनी त्याला वरच्या वर धरलं. म्हणाले, मी दहा जणांच्या वतीने बसणार आहे आत, आधी मला वर चढव.

त्यांनी काकांना डावीकडच्या सीटवर बसवलं, भाऊजींनी दार लावलं, आणि खटपट्याने घार हॉलमधून बाहेर काढली. मागून भाऊजींची ती टपाचा रंग उडालेली गाडी, तिच्यात ताई आणि डब्यांची पिशवी. रस्त्यात प्रत्येक सिग्नलला लोक फोन काढायचे. काका सगळ्यांना हात करत होते. मध्ये एकदा इंजिन तापलं आणि काकांनी नाक वर करून विचारलं, पाव भाजतंय का कोणी?

शेडचं शटर दोघांनी मिळून उचललं. आत जुन्या रंगाचे डबे, भिंतीवर तीस-चाळीस वर्षांचे फवारे एकावर एक बसलेले. घार सरळ आत गेली, चारही बाजूंनी माणूस फिरेल एवढी जागा ठेवून. खटपट्याने इंजिन बंद केलं. काका उतरेनात. म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी बसतो जरा, मुलगी येईल न्यायला. शेडची किल्ली त्यांनी खटपट्याच्या हातात दिली आणि त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली. बराच वेळ सोडली नाही. कोण कोणाचे आभार मानत होतं हे बाहेर उभ्या असलेल्या ताईला कळेना, आणि तिने कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही.

खटपट्याने भंगारवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. मग तिघं भाऊजींच्या गाडीत बसले. मागच्या सीटवर खटपट्या, मांडीवर पिशवी. वाटेत तो म्हणाला, उद्या मी सुट्टी टाकतो, गवंडी येईल तेव्हा बाबांच्या पलंगाचं आणि खिडकीचं माप मी घेऊन ठेवतो.

ताई आणि भाऊजी दोघंही एकदम म्हणाले, "माप आम्ही घेऊ."

आणि ताई जी हसायला लागली ती घर येईपर्यंत थांबली नाही.